तळघराची ओल: पॅनेलिंगला हात घालण्याआधी भिंत कोरडी कशी करायची

दिवाळीनंतर कोल्हापुरातलं बहुतेक तळघर कोरडंठाक दिसतं. भिंतीवर हात फिरवला तर ओल लागत नाही, कुबट वास येत नाही, कोपऱ्यातली बुरशीसुद्धा वाळून पांढरी पडलेली असते. याच दिवसांत मालक सुताराला बोलावतो आणि पॅनेलिंग, फॉल्स सीलिंग, टाइल्स असं सगळं दोन महिन्यांत उरकतो. पुढच्या श्रावणात पॅनेलची खालची कड फुगते, मागून काळे डाग उमटतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. यात सुताराचा दोष नसतो. भिंत तपासली डिसेंबरात, तपासायला हवी होती गणपती ते दसरा या दिवसांत. तेव्हा जमीन पोटभर पाणी प्यालेली असते आणि भूजल सगळ्यात वर आलेलं असतं.

म्हणून क्रम असा ठेवा. एका पावसाळ्यात ओलीचा माग काढायचा. जानेवारी ते एप्रिल दुरुस्ती करायची. पुढचा पावसाळा भिंत उघडी ठेवून निकाल बघायचा आणि मगच सजावट. हे लांबण लागतं खरं, पण पॅनेल उतरवून तेच काम पुन्हा करण्यापेक्षा स्वस्तात पडतं.

सुरुवातीलाच एक कागदाचं काम उरकून घ्या. महानगरपालिकेने मंजूर केलेल्या नकाशात तळघराचा वापर काय दाखवलाय ते पाहा. साठवणीसाठी किंवा पार्किंगसाठी मंजूर असलेल्या जागेत राहायची खोली काढायला जाल, तर ओलीआधी नोटीस येईल.

पाणी येतंय कुठून

तळघरात पाणी चार वाटांनी येतं: बाहेरच्या मातीतून भिंतीला छेदून, पायातून केशाकर्षणाने (स्पंजासारखं शोषलं जाऊन) वर चढून, फुटक्या नळातून किंवा चेंबरमधून, आणि हवेतून. चौघांचे उपाय वेगळे आहेत. निदान न करता ‘वॉटरप्रूफिंग मारून टाका’ म्हणणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

मातीपासून सुरुवात करू. नदीकाठच्या बाजूला, दुधाळी, शुक्रवार पेठ, शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांत काळ्या मातीचा संबंध येतो. ही माती उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीलगत बोटभर फट पडते. मे महिन्यातला वळीव आणि मृगाचा पहिला पाऊस त्या फटीतून थेट पायापर्यंत उतरतो. मग माती फुगते, फट मिटते आणि आत गेलेलं पाणी भिंतीला टेकून बसतं. उंच भागात थोडं खोदलं की काळा पाषाण लागतो. पाषाण फोडून केलेला खड्डा पाणी सोडत नाही, कातळ आणि भिंत यांच्यामधली जागा टाक्यासारखी भरते. अशा घरात पाऊस थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही पाझर चालू राहतो, आणि मालक नळावर संशय घेत बसतो.

एक वही करा. रोज पाच रकाने भरायचे: पाऊस पडला की नाही, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, नळाला पाणी सुटल्याची वेळ, भिंतीवर ओलीची वरची कड जमिनीपासून किती इंच, आणि खोलीतली आर्द्रता. आर्द्रतेसाठी छोटा डिजिटल हायग्रोमीटर पुरतो. ओलीची कड पेन्सिलीने आखून बाजूला तारीख लिहा. बंधाऱ्याची पातळी पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात येते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पेन्सिलीची रेघ बंधाऱ्याबरोबर वरखाली होत असेल, तर तुमची लढाई नदीने चढवलेल्या भूजलाशी आहे. मोठ्या सरीनंतर काही तासांतच रेघ चढून दोन दिवसांत उतरत असेल, तर छपराचं किंवा अंगणाचं पाणी भिंतीलगत मुरतंय. आणि पाऊस नसतानाही नळाला पाणी सुटल्यावर ओल वाढत असेल, तर लाइन फुटलीय.

लाइनचा संशय पक्का करायला मीटरच्या पुढचे सगळे नळ बंद करून पाणी सुटलेल्या वेळी मीटर बघा. काटा हलला तर गळती आहे. जमिनीखालच्या टाकीचं पाणी रात्री खडूने खूण करून बघा. टाकीत येणारी आणि टाकीतून जाणारी दोन्ही लाइन बंद ठेवून चोवीस तासांत पातळी बोटभर उतरली, तर टाकी गळतेय. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये खाण्याचा रंग घट्ट कालवून बादलीभर पाण्याबरोबर सोडा आणि दोन दिवस भिंतीवर लक्ष ठेवा. ही तिन्ही कामं फुकटात होतात, तरी सगळ्यात जास्त चुकवली जातात.

राहिली हवा. हिच्यामुळे भले भले फसतात. जमिनीत गाडलेली भिंत पंचवीस अंशांच्या आसपास असते. जुलैतली बाहेरची हवा २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची धरली, तर तिचं दव पंचवीस अंशांवर पडायला लागतं. म्हणजे ‘वारा खेळू दे’ म्हणून खिडकी उघडली की बाहेरचं पाणी आपण स्वतःच आत आणून भिंतीवर ठेवतो. ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ओळखायला प्लास्टिकची चाचणी करा. दीड फूट बाय दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला हवाबंद चिकटवायचा. ओलसर भिंतीला साधी टेप धरत नाही. ब्युटाइलची चिकटपट्टी वापरा आणि चिकटवण्याआधी कडेची जागा कोरडी पुसून घ्या. असे तीन तुकडे लावा: जमिनीपासून अर्ध्या फुटावर, कमरेच्या उंचीवर आणि छताखाली एक फुटावर. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या अंगाला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या अंगाला असतील तर ते दव आहे. दोन्हीकडे असतील, तर दोन्ही आहे, आणि कोल्हापुरात असं बरेचदा निघतं.

आधी छपराचं पाणी

हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की साडेचार हजार लिटरच्या वर पाणी जमतं. हे सगळं दोन-तीन पाइपांतून उतरून भिंतीच्या पायथ्याशी ओतलं जात असेल, तर आतून कितीही रसायनं लावा, उपयोग नाही. पाइप चेंबरमध्ये सोडा, चेंबरमधून ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपने रस्त्याच्या गटारीत न्या आणि मीटरला एक सेंटीमीटर तरी उतार ठेवा. चेंबर आतून गिलावा केलेला हवा. विटांचं नुसतं रचलेलं चेंबर म्हणजे शोषखड्डाच.

घराभोवती किमान एक मीटर रुंद फरसबंदी करा. मीटरला दोन सेंटीमीटर उतार, अर्थात घरापासून बाहेर. खाली काळी माती असेल तर ती फूटभर काढून मुरूम भरा आणि धुमसून घ्या, नाहीतर दोन उन्हाळ्यांत फरशी उलट्या उताराला बसते. फरशी आणि भिंत यांच्या सांध्यात सिमेंट भरू नका, ते तडकतं. तिथे १२ मिमीची फट ठेवून पॉलिसल्फाइड किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे रबरासारखं लवचीक भरण, भरा. भिंतीला टेकून केलेला फुलझाडांचा वाफा असेल तर तो हलवा. जास्वंद कुठेही जगते.

बऱ्याच घरांत एवढ्यानेच ओल निम्म्यावर येते. म्हणून ही कामं झाल्याशिवाय आतल्या कामाचं कोटेशनसुद्धा घेऊ नका.

बाहेरून खोदता येत असेल तर

पाणी अडवायचं तर ते येतं त्याच बाजूने अडवणं उत्तम. बाहेरून लावलेला थर पाण्याच्या दाबाने भिंतीवर दाबला जातो. आतून लावलेला थर तोच दाब भिंतीवरून ढकलून काढतो. पण पेठांमध्ये घर घराला चिकटलेलं असतं, तिथे हा पर्याय उरतच नाही. ताराबाई पार्क, नागाळा पार्क किंवा उपनगरातल्या मोकळ्या प्लॉटवर मात्र हेच करा.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा, वळवाच्या आधी बुजवून झालं पाहिजे. एकदम सगळी भिंत उघडी करायची नाही. दोन-अडीच मीटरचे तुकडे पाडून, एक आड एक खोदा. पायाच्या तळाखाली कुदळ जाता कामा नये. खड्डा दीड मीटरच्या खाली गेला की बाजूंना आधार द्या किंवा बाजू उतरत्या कापा. काळी माती वरून टणक दिसते आणि न सांगता ढासळते. शेजाऱ्याचं बांधकाम जवळ असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय फावडं लावू नका.

भिंत उघडी झाली की तारेच्या ब्रशने माती काढा, धुवा, दोन-चार दिवस वाळू द्या. खड्डे आणि पोकळ दरजा पॉलिमर मोर्टारने भरा, वीट किंवा दगड असेल तर १:४ चा (एक सिमेंट, चार वाळू) गिलावा करून तो पाणी मारून पिकवून वाळवा. पाया आणि भिंत जिथे मिळतात तिथे ५० मिमीचा वाटा (कोपरा भरून काढणारा तिरका गिलावा) काढा, कारण काटकोनात मेम्ब्रेन (पाणी अडवणारी डांबरी चादर) वळताना तिथेच फाटतं. मग बिट्युमिनस प्रायमर, आणि तो हाताला लागेनासा झाला की ४ मिमी जाडीचं एपीपी मेम्ब्रेन टॉर्चने चिकटवायचं. जोडावर १०० मिमी चढ द्या, वरच्या तुकड्याची कड खालच्यावर यायला हवी. त्यावर संरक्षणाला फुगीर टिकल्यांचं ड्रेन बोर्ड किंवा अर्ध्या विटेची भिंत लागतेच. हे वाचवलं तर माती भरताना दगडाचं एक टोक मेम्ब्रेनमध्ये घुसतं आणि सगळं काम वाया जातं.

पायाच्या बाजूला, तळघराच्या जमिनीच्या पातळीपेक्षा खाली पण पायाच्या तळापेक्षा वर, १०० मिमीचा छिद्रांचा पाइप टाका. छिद्रं खालच्या अंगाला हवीत. भोवती २० मिमी खडी फूटभर, आणि हे सगळं जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणाऱ्या, माती अडवणाऱ्या) कापडात गुंडाळलेलं. कापड नसेल तर काळी माती दोन पावसाळ्यांत खडी बुजवते. पाइपाचा शेवट उतारावर मोकळा करा किंवा सम्पमध्ये (पाणी गोळा करून पंपाने उपसायच्या खड्ड्यात) सोडा. शेवट कुठेच नसलेला ड्रेन पाइप आम्हाला अजूनही साइटवर दिसतो. तो भिंतीला पाणी पाजायचं काम इमानेइतबारे करतो. परत भरताना काढलेली काळी माती नको. मुरूम आणा, एकेक वीतभर थर टाकून धुमसा. फक्त सगळ्यात वरचा फूटभर थर चिकणमातीचा ठेवा म्हणजे पाणी वरूनच वाहून जाईल.

आतून काम: भिंत कशाची, त्यावर सगळं

जुना रंग, पुट्टी, पीओपी सगळं काढा. गिलावा ओलीच्या रेघेच्या वर किमान अर्धा मीटर, शक्यतो एक मीटरपर्यंत झोडून काढा, कारण क्षार रेघेच्या वरही चढलेले असतात. दरजा २० मिमी खोल खरवडा. लोणा (भिंतीवर फुटलेला पांढरा क्षार) कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून बाहेर टाका. त्यावर पाणी मारलं की क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात. ॲसिडने धुवायचा सल्ला गवंडी हमखास देतो. बंद तळघरात तो धूर छातीत जातो आणि काँक्रीटमधल्या सळईलाही तो बाधतो. नको.

*काँक्रीटची भिंत.* हातोडीने ठोकत फिरा. बद आवाज आला तिथे आत पोकळी आहे. सेंट्रिंगच्या तारा, स्पेसर म्हणून ठेवलेले लाकडाचे ठोकळे, रात्री थांबवलेल्या काँक्रीटचा सांधा, पाइप भिंतीतून जातो ती जागा: शंभरातल्या नव्वद वेळा पाणी यातल्याच एखाद्या जागेतून येतं. लाकूड आणि तार कोरून काढा, पोकळी घट्ट काँक्रीट लागेपर्यंत फोडा, गंजलेली सळई घासून तिला झिंक प्रायमर द्या आणि पॉलिमर मोर्टारने भरा.

भेगेतून पाणी येत असेल तर पीयू इंजेक्शन. २३ सेंमी जाडीच्या भिंतीत भेगेपासून साडेअकरा सेंटीमीटरवर ४५ अंशात भोक पाडलं की ते भेगेला भिंतीच्या बरोबर मध्यावर गाठतं. भोकं भेगेच्या एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, १५ ते २० सेंमी अंतराने. धूळ पाण्याने धुऊन काढा, पॅकर (रेझिन दाबाने आत भरायच्या तोट्या) बसवा आणि सगळ्यात खालच्या पॅकरपासून सुरुवात करा. पुढच्या पॅकरमधून रेझिन डोकावलं की वर सरका. धार चालू असेल तर आधी फुगणारा फोम, नंतर त्याच भोकांतून न फुगणारं पीयू रेझिन. नुसत्या फोमवर थांबणारे ठेकेदार असतात. फोम पाणी थांबवतो, पण फार दिवस पुरत नाही.

मग क्रिस्टलाइन कोट. हे रसायन काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी मिळून बारीक छिद्रांत स्फटिक वाढवतं, म्हणून ते आतून लावलं तरी चालतं. पण त्याच कारणाने विटेवर, दगडावर किंवा पुट्टीवर त्याचा उपयोग नाही. पृष्ठभाग ग्राइंडरने खरखरीत करून आदल्या दिवशी पाण्याने तृप्त करा, लावताना मात्र पाणी ओघळत नको. साधारण ५ भाग पावडर, अडीच भाग पाणी, आणि शेवटचा शब्द पिशवीवरचा. एका वेळी वीस मिनिटांत संपेल एवढंच कालवा, घट्ट झाल्यावर वरून पाणी घालू नका. राठ ब्रशने दोन हात, एक आडवा एक उभा. पहिला हात सेट होऊन अजून कच्चा असतानाच दुसरा द्या. दोन्ही मिळून चौरस मीटरला दीड किलो. नंतर तीन दिवस, दिवसातून तीनदा फवारणीच्या पंपाने धुक्यासारखं पाणी.

*विटेची भिंत.* इथे इंजेक्शनचा फारसा फायदा होत नाही, पाणी सगळ्या दरजांतून येतं. दरजा भरून, २० मिमीचा १:४ गिलावा दोन थरांत करा, सिमेंटच्या प्रत्येक पोत्याला २०० मिली वॉटरप्रूफिंग द्रव घाला, आणि सात दिवस पाणी मारा. त्यावर पॉलिमरचं सिमेंटी कोटिंग, दोन हात. १२ बाय २० फुटांच्या, नऊ फूट उंच तळघराला भिंतींचं क्षेत्र ५७६ चौरस फूट होतं. नासधूस धरून गिलाव्याला सिमेंटची साडेनऊ-दहा पोती आणि अर्ध्या ब्रासच्या आतबाहेर वाळू लागेल. क्रश सँड असेल तर धुतलेली घ्या. भुकटी जास्त असली की गिलाव्याला केसांसारख्या तडा जातात आणि पाणी त्यातूनच डोकावतं.

विकणारे इथे सिलेनचं क्रीम भरून ‘केमिकल डीपीसी’ (ओल वर चढू न देणारा आडवा थर) करा म्हणतील. जमिनीच्या वरच्या भिंतीत, वर चढणाऱ्या ओलीला ते चालतं. तळघराच्या भिंतीला पाणी पूर्ण उंचीभर बाजूने लागतं, तिथे एका रांगेत भोकं पाडून काय अडणार?

*जुन्या वाड्याची दगडी भिंत.* दोन-अडीच फूट जाड, दोन्ही तोंडांना काळा दगड, मधे भराव, आणि चुन्यात किंवा नुसत्या मातीत बांधलेली. हिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, वर चढते आणि तळमजल्याच्या तुळईच्या टोकापर्यंत जाते. दाबाने सिमेंट ग्राउट भरायला गेलात तर मातीचा भराव धुऊन भिंतीला पोट सुटतं. अशा भिंतीशी झगडू नका, तिचं पाणी वाटेला लावा. दरजा चुन्यात भरा, हवा असेल तर एक भाग भिजवलेला चुना आणि तीन भाग वाळू-सुरकीचा (सुरकी म्हणजे विटांची भुकटी) गिलावा करा आणि तो दहा दिवस ओला ठेवा. मग दगडी भिंतीपासून दोन इंच सोडून आत चार इंची विटांची स्वतंत्र भिंत उभी करा. मधल्या फटीच्या तळाशी उताराची पन्हळ करा आणि ती सम्पमध्ये सोडा. या आतल्या भिंतीला वर आणि खाली जाळीची भोकं ठेवा. खोली त्या बाजूने अर्ध्या फुटाने लहान होते, पण वाड्याला धक्का लागत नाही.

शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग (तळघराभोवती फरशांची पेटी करणं) आपल्याकडच्या गवंड्यांना चांगलं जमतं, पण ते नव्या बांधकामात, तळघर उभं राहताना बाहेरून करायचं काम आहे. तयार घरात आतून फरशा ठोकून बॉक्स होत नाही.

जमीन आणि भिंतीचा सांधा

सगळ्यात जास्त पाणी इथून येतं, आणि लोक तिथे नुसता वाटा मारून मोकळे होतात. आधी सांध्यात ४० मिमी रुंद, ४० मिमी खोल खाच कापा. पाझर चालू असेल तर प्लगिंग कंपाउंड वापरा. ते दोन-तीन मिनिटांत घट्ट होतं, म्हणून मूठभर कालवून, हातमोजा घालून, गोळा कोमट लागायला लागला की खाचेत दाबून धरायचा. सुरुवात कमी पाण्याच्या टोकाकडून. सगळ्यात जोरदार धारेच्या जागी मात्र अर्ध्या इंचाची नळी खुपसून ठेवा आणि पाणी तिच्यातून वाहू द्या. सगळी खाच भरून, पिकून झाल्यावर शेवटी ती नळी काढून तेवढं भोक बुजवायचं. नळी न ठेवता पाणी सगळीकडून कोंडलं तर ताजं काम रातोरात उखडतं. खाच नॉन-श्रिंक ग्राउटने भरून झाली की त्यावर ५० मिमीचा वाटा.

जमीन पूर्ण बंद करण्याआधी थोडा हिशेब करा. १५ सेंमी जाडीच्या साध्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला सुमारे ३६० किलो. त्याच्या तळापासून पाणी फक्त ४० सेंमी वर चढलं तरी वर ढकलणारा जोर ४०० किलो होतो. म्हणजे जमीन उचलली जाते, मधोमध फुगून तडकते. सळई नसलेल्या जमिनीखाली भूजल चढत असेल तर ते बाहेर काढायची वाट ठेवावीच लागते, ती वाट म्हणजे सम्प.

सगळ्यात खालच्या कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फूट, अडीच-तीन फूट खोल खड्डा, तळाला खडी, बाजूंना छिद्रं, वर झाकण. अर्ध्या एचपीचा सबमर्सिबल पंप, फ्लोट स्विच आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पाणी ड्रेनेजमध्ये सोडू नका, पावसाळ्यात ते तुंबून तुमच्याकडेच परत येतं. पावसाळी गटारीत सोडा. जोराच्या पावसात वीज जाते आणि पंप नेमका तेव्हाच लागतो, त्यामुळे इन्व्हर्टर तेवढा भार घेतो का ते आधी बघून घ्या. पेट्रोलवरचा पंप किंवा जनरेटर तळघरात कधीही चालवायचा नाही, त्याचा धूर मिनिटांत जीव घेतो.

वाळवणं, आणि एक पावसाळा थांबणं

काम झालं की लगेच कोरडं होत नाही. काँक्रीट चांगल्या हवेत महिन्याला इंचभर वाळतं असा ढोबळ अंदाज धरा. मार्च-एप्रिलची कोरडी हवा ही कोल्हापूरची देणगी आहे; तेव्हा खिडक्या उघड्या आणि एक्झॉस्ट चालू. मृग लागला की उलट: दारं-खिडक्या बंद, डिह्युमिडिफायर सुरू, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवायची. हीटर लावून घाईने वाळवू नका, गिलावा तडकतो.

पावसाळाभर तीच वही, तेच रकाने. ऑक्टोबरात प्लास्टिकचे तीन तुकडे पुन्हा लावा. दोन काड्यांचं मॉइश्चर मीटर वापरत असाल तर त्याचा आकडा भिंतीसाठी खरा धरू नका. ते लाकडासाठी असतं आणि क्षार असले की वाढवून सांगतं. पण त्याच भिंतीवरची वरची कोरडी जागा आणि खालची जागा यांची तुलना करायला ते उपयोगी आहे. फरक उरला नाही आणि प्लास्टिकच्या मागे थेंब नाही, की सुताराला बोलवा.

सजावट करताना

पॅनेल भिंतीला चिकटवू नका. जीआय चॅनेलची चौकट भिंतीपासून दोन इंच सोडून, खाली अर्धा इंच आणि वर एक इंच हवेसाठी मोकळं. फळी सिमेंट बोर्डची किंवा डब्ल्यूपीसीची (लाकूड आणि प्लास्टिकच्या मिश्रणाची). जिप्सम आणि साधं प्लायवूड तळघरात नको. पॅनेलमागे प्लास्टिकचा कागद लावायची पद्धत थंड प्रदेशातली आहे, आपल्याकडे एसी लावला की त्याच कागदामागे पाणी जमतं. रंग चुन्याचा किंवा सिलिकेटचा, जो भिंतीला श्वास घेऊ देतो. ऑइल पेंट आणि वॉलपेपर विसरा. प्रत्येक भिंतीवर एक पॅनेल स्क्रूने काढता येईल असं ठेवा, कोपऱ्याजवळचं.

२०१९ आणि २०२१ मध्ये तुमच्या गल्लीत पुराचं पाणी आलं असेल, तर वर सांगितलेलं काहीही ते अडवणार नाही. तिथे धुऊन काढता येईल असंच साहित्य लावा: कोटा किंवा शहाबादी फरशी, सिमेंट बोर्ड, प्लास्टिकची खुर्ची-टेबलं. विजेचा बोर्ड वरच्या मजल्यावर, तळघराच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत झिरपली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), ड्रेनेजला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. तळघर भरलंच तर बाहेरचं पाणी ओसरेपर्यंत उपसू नका. नंतरही रोज एक तृतीयांशच काढा, कारण आतलं पाणी काढून घेतलं आणि बाहेरची माती अजून भरलेली असली, की भिंत आत झुकते.

ठेकेदाराशी करार करताना नुसतं ‘वॉटरप्रूफिंग, लमसम’ लिहू देऊ नका. कोणतं रसायन, चौरस मीटरला किती किलो, किती हात, किती पॅकर, हे सगळं कागदावर हवं, आणि रिकाम्या पिशव्या तुमच्यासमोर मोजून घ्यायच्या. वरच्या १२ बाय २० च्या तळघरात भिंत आणि जमीन काँक्रीटची असेल तर क्रिस्टलाइनच्या २५ किलोच्या साडेचार-पाच पिशव्या लागतात. तीन पिशव्यांत काम उरकलं असेल तर एक हात कमी बसलाय. बिलातले वीस टक्के दसऱ्यापर्यंत अडकवून ठेवा आणि तसं आधीच लिहून घ्या. पावसाळ्यानंतर मिळणाऱ्या पैशांसाठी माणूस सांधा जरा नीट भरतो.